खोलीत एकटी

५ जानेवारी, सोमवार
वर्तकनगर, ठाणे

आलो एकदाचे! टेम्पोवाल्याने चिपळूणपासून एकच गाणं लावून डोकं उठवलं, शीळफाट्याला गाड्यांच्या रांगेत अडकलो, सान्वीने तिथेच उलटी केली. पण सामान धड पोचलं. फक्त तुझ्या लाडक्या कपाचा कान तुटला, आणि तो माझ्याच हातून तुटला, त्यामुळे टेम्पोवाल्याला बोल लावायची सोय राहिली नाही.

सर्वेश, ही वही तुझ्यासाठी. बोटीवरून तुझा फोन लागतो तेव्हा निम्मा वेळ ऐकू येतंय का, ऐकू येतंय का यातच जातो. म्हणून तूच सांगून गेलास की काय घडलं ते लिहून ठेव, जूनमध्ये आल्यावर सगळं एकदम वाचतो. तर आता वाचायचं मुकाट्याने, सुटका नाही.

घर छान आहे. जुनी कॉलनी, दुसरा मजला, खिडकीत गुलमोहर. आतली खोली माझं ऑफिस होणार. तिथे भिंतीला पलंग लावलाय, त्यावर गाद्यांची चळत, आणि समोर खिडकीपाशी टेबल. टेबलाशी बसलं की पलंग बरोबर पाठीमागे येतो. बाहेरच्या खोलीत सान्वीचं राज्य. तू पाठवलेले लाल मोजे ती इथल्या उकाड्यातही काढत नाही.

खाली कमळाबाई राहतात, घरी येऊन पोरं सांभाळतात. सान्वीने पहिल्याच भेटीत त्यांना विचारलं की तुम्ही माझी आजी का? त्या म्हणाल्या, नाही गं बाय, मी सगळ्यांची मावशी. बाईसाहेबांचं तोंड पडलं. तुझी आई आणि माझी आई, दोघी हिच्या जन्माआधीच गेल्या, आणि कॉलनीतल्या प्रत्येक पोराला मात्र आजी आहे. हा अन्याय ती मला रोज ऐकवते.

असो. पोर माझ्यापाशी राहते आहे, हेच खूप. ही घरून करायची नोकरी मिळाली नसती तर तिला दादाकडे चिपळूणला ठेवून यावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्याने झालं नसतं.

८ जानेवारी, गुरुवार

संक्रांतीपर्यंत वागळे इस्टेटच्या ऑफिसात शिकायला जायचंय, मग घरून. माझं काम काय, हे तू तीनदा विचारलंस आणि तीनदा विसरलास, म्हणून नीट लिहिते. आमची कंपनी दवाखान्यांची कागदपत्रं तपासते. कोणाला कसला आजार, कोणाचं काय कापलं, सगळं त्यात असतं. तपासणारी माणसं डोंबिवली, कल्याण, कळवा अशी आपापल्या घरी बसलेली. त्यांना घरबसल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरात आत घ्यायचं किंवा दारातून परत पाठवायचं, हे आमचं टेबल. म्हणजे मी दारावरची गुरखीण, फक्त शिट्टी नाही.

मला शिकवणारी मेघना ठाण्याचीच, गोड आहे, बोलते भराभरा. ती म्हणाली, टेन्शन नको घेऊस, मी पण नवीन असताना घाबरलेले, एकच लक्षात ठेव. ओळखीचा चेहरा असला तरी परत विचारायचं, तू कोण. आत घेतलं तरी अख्खं घर मोकळं करायचं नाही, पाहुण्याला बाहेरच्या खोलीत बसवतात तसं कामापुरतं एकच दार उघडायचं. आणि शंका आली की दिलेला प्रवेश तिथल्या तिथे काढून घ्यायचा, त्याला एक लाल बटण आहे.

सगळ्यात शेवटी कॅमेऱ्याची तपासणी. माणसाने लॅपटॉप फिरवून अख्खी खोली दाखवायची. खोलीत दुसरं कोणी नाही असं दिसलं की आम्ही ‘खोलीत एकटी’ किंवा ‘एकटा’ यावर खूण करतो, मग दार उघडतं. त्यांना आमचा फक्त आवाज जातो, आम्ही दिसत नाही. कामावरच्यांची ही तपासणी रोज सकाळी, आणि आम्हा गुरख्यांची दर बुधवारी.

मेघनाचं बाळ अजून रांगतंय. सासूबाई गावाला गेल्यापासून तिची नुसती धावपळ चालते. माझ्याआधी या टेबलावर शालन नावाची बाई होती. ती आपणहून हे काम सोडून साध्या कामाला लागली, आणि असं खाली उतरून कोणी जातं का, याचं मेघनाला अजून नवल वाटतं.

१३ जानेवारी, मंगळवार

आज मी एकटीने तपासण्या केल्या. पहिल्याच घरात फसले. डोंबिवलीचा मुलगा, एक खोली, मागे त्याची आजी शेंगा सोलत बसलेली. नियमाप्रमाणे मी त्याला परत पाठवणार, तेवढ्यात मेघनाने माझा हात धरला. म्हणाली, अगं, म्हातारी माणसं आपण मोजत नाही. एका खोलीच्या संसारात ती बिचारी जाणार कुठे, जिन्यात बसणार का? सगळेच असं करतात म्हणे. मला बरंच वाटलं. आपल्याकडच्या घरात एकटेपण आणायचं कुठून? मी खूण केली आणि आजीला नमस्कार सांगायला सांगितला. मग पुढच्या घरांतही जिथे म्हातारं माणूस दिसलं तिथे दोन शब्द बोलत गेले. सगळी किती खुलतात!

सगळ्यात शेवटी शालन माझ्या वाट्याला आली, तीच ती, आधीची. कल्याण पूर्वेला चाळीत राहते. घर लखलखीत, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली निळं कापड. मागे कॉटवर एक म्हातारी आमच्याकडे पाठ करून बसली होती. पांढरं लुगडं, बारकासा अंबाडा. मांडीवर मूल झोपलेलं असावं, त्याचे शाळेचे पांढरे मोजे घातलेले पाय तेवढे दिसत होते. शालन माझ्याशी बोलत होती पण बघत होती स्वतःच्या पडद्यावर, त्या पायांकडे. मी विचारलं, आई का तुमच्या? तिने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

उद्या संक्रांत. मी आपली सवयीने मोठ्याने म्हणाले, आजी, तिळगूळ घ्यायला या हो आमच्याकडे, आमच्या सान्वीला आजीच नाही. म्हातारी वळली नाही. फक्त तिची मान जराशी तिरकी झाली, नीट ऐकू यावं म्हणून आपण करतो तशी. आणि शालनचा कॅमेरा एकदम बंद झाला. नेटवर्क गेलं असेल. मी खूण करून टाकली.

१५ जानेवारी, गुरुवार

आजपासून घरून काम. आहाहा! भाजी चिरता चिरता लोकांना आत घेते आहे. (हे मेघनाला सांगायचं नाही.)

काल तिळाचे लाडू जरा कडक झाले, पण कमळाबाईंनी दाताखाली धरून का होईना, खाल्ले. सान्वी वाटीभर लाडू घेऊन आतल्या खोलीत गेली आणि रिकामी वाटी घेऊन आली. आजीला दिले म्हणे. कमळाबाईंना आजी म्हणायला लागलीस का गं, असं मी विचारलं, तर म्हणाली, ती मावशी, आजी वेगळी. आजी खात नाही, नुसती हातात धरते. आज झाडताना पलंगाखाली लाडू सापडले. मुठीत धरून दाबल्यासारखा नुसता भुगा झालेला. माझ्या लाडवांचा एवढा अपमान अजून कोणी केला नव्हता. सान्वीला चांगली ओरडले.

१९ जानेवारी, सोमवार

कमळाबाई रुसल्या. सान्वीने त्यांना सांगितलं की आजी आली आता, तुम्ही घरी जा. आणि त्या खरंच गेल्या. मी जिन्यात गाठून समजूत घातली की अहो, आमच्याकडे कोणी आलेलं नाही, पोरीच्या बोलण्यावर काय जाता. त्यावर म्हणाल्या, मग ती पोर सगळा दिवस आतल्या खोलीच्या दारात कोनाशी बोलते वो?

मला वाटायचं माझ्याशीच. मी कानाला हेडफोन लावून बसलेली असते. आज मुद्दाम लक्ष ठेवलं. सान्वी दारात येते, उंबऱ्यावर बसते आणि हसते. माझ्याकडे बघून नाही, माझ्या पाठीमागे बघून.

पलंगावर गाद्या आहेत. बाकी काही नाही. उठून हात फिरवून बघितला, नुसत्या गाद्या.

२० जानेवारी, मंगळवार

शालन परत माझ्या वाट्याला आली. कॉट रिकामी होती. चादर ताणून बसवलेली, त्यावर कोणी नाही. शालनचे केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. माझा आवाज ऐकताच ती ओरडायलाच लागली. तुम्हीच ना त्या तिळगूळवाल्या, तुमच्या तोंडाला काय झालेलं, का बोलावलंत तिला, तो तिच्या मांडीवर होता. मी शांतपणे विचारलं, कोण? आई गावाला गेल्या का? तर म्हणाली, माझी आई कधीच वारली, या घरात कोणी म्हातारी नव्हती आणि नाही.

अशा बाईच्या हाती लोकांच्या आजाराचे कागद कसे द्यायचे? मी लाल बटण दाबलं आणि मेघनाला लिहून कळवलं. नियमाप्रमाणे केलं. पण जेवण गेलं नाही.

२१ जानेवारी, बुधवार

आज माझी तपासणी. मेघनाने केली. या वेळी कॅमेरा माझा चालू, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात मी मला दिसत होते. मेघना म्हणाली, अगं, सासूबाई आल्यात का तुझ्याकडे, बोलली नाहीस ती?

कोपऱ्यात मी होते, आणि माझ्या खांद्यामागे, पलंगावर, गाद्यांकडे तोंड केलेली पांढऱ्या लुगड्याची पाठ.

मागे वळले. गाद्या. पडद्यावर बघितलं. पाठ. मांडीवरून बाजूला लोंबणारे पांढरे मोजे.

मेघना म्हणाली, घाबरू नको, म्हातारं माणूस आहे, धरते मी एकटी. आणि खूण करून गेली.

२२ जानेवारी, गुरुवार

शालनचा फोन आला. या वेळी ती ओरडली नाही. ती बोलली ते सगळं लिहिते, नाहीतर मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

ती माझ्या टेबलावर होती तेव्हा कळव्याच्या एका बाईच्या घरात तिला ही म्हातारी दिसली. तिनेही नमस्कार केला. म्हणाली, आजी, या कधीतरी आमच्याकडे, नयनला गोष्टी सांगायला. नयन तिचा मुलगा, पहिलीत होता. त्यानंतर तो घरात कोणाशी तरी बोलायला लागला. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, शाळेतून आल्यावर, भर दुपारी, दाराला आतून कडी असताना तो खोलीतून नाहीसा झाला. पोलीस झाले, फोटो छापून झाले. आणि मग तिच्या तपासणीच्या दिवशी तो पडद्यावर दिसला, म्हातारीच्या मांडीवर.

फोनच्या कॅमेऱ्यात ती दिसत नाही, आरशात दिसत नाही. फक्त ऑफिसच्या तपासणीत, पलीकडून कोणी बघत असेल तेवढा वेळ. म्हणून शालनने टेबल सोडून साधं काम मागून घेतलं. साध्या कामाला तपासणी रोज. रोज सकाळी तेवढा वेळ तिला पोराचे पाय बघायला मिळायचे.

मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, सांगितलं असतं तर वेडी म्हणून माझं दार बंद केलं असतं. शेवटी केलंच की.

म्हणाली, मी किती बोलावलं, आजी परत या, पाया पडते. राहून गेलेल्या घरी ती परत येत नाही. तुम्ही मला आत घ्या, तुमची तपासणी मी करते, मला नुसतं बघू द्या. आणि तुमच्या मुलीला त्या खोलीत पाठवू नका.

शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी फोन टाकून बाहेर धावले. सान्वी उंबऱ्यावर बसली होती. एक पाय आत.

२३ जानेवारी, शुक्रवार

खोलीला बाहेरून कडी घातलीय. लॅपटॉप स्वयंपाकघरात आणला. उद्या सकाळच्या एसटीने चिपळूण, दादाकडे. नोकरी गेली खड्ड्यात.

कडी घालायच्या आधी आत जाऊन पलंगासमोर उभी राहिले. घरी आलेल्या माणसाला जा म्हणायला जीभ वळत नाही, सर्वेश. आपण कधी कोणाला म्हटलंय? तरी म्हटलं. तुम्ही जा. तिळगूळ झाला, आता जा. मग रडले, मग शिव्या घातल्या. ऑफिसात लाल बटण आहे. घरात काय आहे?

सान्वी म्हणते आजीला पण एसटीत घेऊ.

२४ जानेवारी, शनिवार

बॅग भरत होते. सान्वी मोजे घालत होती, माझ्यासमोर, ओट्याखाली बसून. दुधाखालचा गॅस बंद करायला वळले. तेवढंच. तेवढंच वळले —

कडी तशीच आहे. बाहेरून. बाहेरचं दारही बंद.

सान्वी नाही.

२६ जानेवारी

पोलीस. कमळाबाई. दादा आला. सगळे विचारतात दार उघडं राहिलं का. गच्ची, पाण्याची टाकी, नाला, सगळं बघून झालं. तुझ्या कंपनीला कळवलंय, बोट बंदराला लागायला वेळ आहे म्हणतात.

मला माहीत आहे ती कुठे आहे. कोणाला सांगू?

२८ जानेवारी, बुधवार

दादाला बाहेर पाठवून कडी काढली. लॅपटॉप परत टेबलावर आणला. मेघना म्हणत होती, दर्शना, तू रजा घे. मी म्हटलं नको, माझी तपासणी कर, आत्ता कर.

आहे.

मांडीवर दोघं. पांढरे मोजे, आणि त्यांच्या शेजारी लाल. मी हाक मारली तर लाल मोज्याचा अंगठा हलला. झोपेत हलवते ना, तसा.

मेघनाने खूण केली. पडद्यावरची खिडकी बंद झाली. आता बुधवारपर्यंत —

३१ जानेवारी

मेघनाला विनवलं, शालनला परत आत घे, माझी तपासणी तिला करू दे. तिच्याकडे म्हातारी परत जाणार नाही, तिच्याकडून भीती नाही. हे सगळं असंच बोलले. मेघना म्हणाली, तू दगावशील अशाने, जेवतेस का? शालनचं दार उघडायला वरच्यांची सही लागते, बघू.

साधं काम मागितलंय. रोजच्या तपासणीचं. तेही बघू म्हणाली.

शालन रोज फोन करते. दोघी रडतो. हलला का गं, विचारते. पांढरा हलला का?

३ फेब्रुवारी

मेघनाला लिहून पाठवलं — उद्या आजींशी बोलू नकोस. नमस्कारही नको. घरी या म्हणू नकोस, तुझ्या बाळाची शपथ. तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. समजलं की नाही —

ती गेली तर पोरं पण जातील. मग मला कुठे दिसणार —

४ फेब्रुवारी

तपासणी चालू आहे. वही मांडीवर.

आहे. माझं पिल्लू आहे. लाल मोजा —

मेघनाने आज स्वतःचाही कॅमेरा लावलाय. मला धीर म्हणून. कानाला हात लावून दाखवतेय, माझा आवाज तिकडे जात नाही. नको जाऊ दे. नुसतं बघू दे —

रडू नकोस म्हणते. तिचं बाळ रांगत आलं. उचलून मांडीवर घेतलं तिने. आजींकडे बघतेय.

बोलतेय. आजी, तुम्ही हिच्याजवळ आहात हे बरं झालं —

मेघना नको

आमच्याकडे पण सांभाळायला कोणी —

मी हात हलवतेय, नको नको नको. ती हसली. संकोच करतेय असं वाटलं तिला. आणखीच आग्रहाने —

लॅपटॉपचं झाकण मिटायला हवं. मिटते. मिटलं की सान्वी — एकदाच, तो अंगठा हलला की लगेच —

म्हातारीची मान